उन्हाळ्यात रात्री घालायला पातळ कॉटनचा पायजमा घरीच शिवायचाय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या सगळ्यांचे रात्रीचे पायजमे आणि वरचे सैल सदरे मी बरीच वर्षं स्वतः शिवतेय, आणि कोणालाही हे कळलं की तेच पंधरा-वीस प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढलीत. शिवणकामाची थोडीफार सवय असेल तर उत्तमच, नसेल तरी पायजमा ही शिकायला सगळ्यात चांगली गोष्ट आहे, कारण त्यात चेन नाही, काज नाही, बटण नाही, सगळ्या मिळून तीन-चार शिलाया.

विकत मिळतात की, मग शिवायचे कशाला?

विकतचा पायजमा उभ्या माणसाच्या मापाने कापलेला असतो. आरशासमोर छान दिसतो, पण रात्री तुम्ही उभे नसता ना, कुशीवर वळता, गुडघे पोटाशी घेता, पालथे पडता, आणि मग आसनात, म्हणजे दोन पाय जिथे जुळतात त्या भागात, ताण येतो, कमरेला इलॅस्टिकचा वळ उठतो, बाजूची ओव्हरलॉकची (कापडाची कड दोऱ्याने गुंफणारी) जाड शिलाई बरोबर कुशीखाली येते. घरी शिवताना तुम्ही झोपलेल्या माणसासाठी शिवू शकता, हा खरा फायदा. कापड मनासारखं पातळ निवडता येतं हा दुसरा. पैसे वाचतात का, तर कधी वाचतात कधी नाही, त्यासाठी शिवू नका.

कापड कोणतं घ्यायचं? मलमल, व्हॉइल, कॅम्ब्रिक, पॉपलिन, सगळंच कॉटन म्हणतात

सगळं कॉटनच, फरक वजनात आणि विणीत. कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं. मलमल साधारण ५० ते ७०, व्हॉइल त्याच्या आसपास किंवा जरा जास्त, कॅम्ब्रिक ८० ते ११०, पॉपलिन त्याच्याही वर. रोजचा होजिअरीचा टीशर्ट १४० ते १८० च्या घरात असतो, तेव्हा "टीशर्ट घालून झोपलं की गरम का होतं" याचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

माझं मत विचाराल तर पायजम्याला ८० ते १०० जीएसएमचं मऊ कॅम्ब्रिक आणि वरच्या सदऱ्याला मलमल किंवा व्हॉइल. मलमलचा पायजमा अंगावर घेतल्यासारखाही वाटत नाही हे खरं, पण गुडघ्याला आणि बसायच्या जागी तो लवकर विरतो आणि आरपार दिसतो. मलमलचाच हवा असेल तर गडद रंग किंवा भरगच्च प्रिंट घ्या आणि मागच्या बाजूला आतून दुसरा थर लावा.

सीअरसकर मिळालं तर सोडू नका. त्यात एक पट्टा सपाट आणि एक चुरगळलेला अशी वीण असते, काही उभे धागे सैल ठेवून विणतात म्हणून ते फुगलेले राहतात, आणि त्या फुगवट्यामुळे कापड अंगाला पूर्ण चिकटतच नाही, मधून हवा जात राहते. शिवाय इस्त्री लागत नाही. घामट रात्रींसाठी मला यापेक्षा चांगलं कापड सापडलेलं नाही.

दुकानात बघताना कापडाचा एक पदर हातावर टाका आणि मागून फुंकर मारा, हाताला लगेच जाणवली तर ते कापड हवा जाऊ देतं. मुठीत घट्ट चुरगळूनही बघा. आणि नवीन कापडाच्या कडकपणावर जाऊ नका, त्यावर खळ असते, पहिल्या धुण्यात ती निघून जाते आणि दुकानात भरीव वाटलेलं कापड घरी जाळीसारखं होतं. दोन बोटांत धरून कापड एकमेकांवर चोळलं आणि पांढरी पूड पडली तर खळ बरीच आहे असं समजा.

रेयॉन चालेल का? लिनन? कॉटन मिक्स?

रेयॉन मऊ आणि थंड लागतं पण ओलं झालं की त्याची ताकद कमी होते आणि ते आटतंही जास्त, तेव्हा रोज धुवायच्या कपड्याला मी घेत नाही. लिनन सुरेख, पण सुरुवातीला कडक, दहा-बारा धुण्यांनंतर खरं मऊ होतं. कॉटन-पॉलिएस्टर मिक्स मात्र रात्रीसाठी नकोच. साध्या हवेत कॉटन स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धाग्यात धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही, त्यामुळे घाम कापडात जायच्या ऐवजी अंगावरच राहतो आणि मध्यरात्री पाठ चिकटते.

दुकानदार शंभर टक्के कॉटन म्हणाला, खरं कसं कळणार?

काठाचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा आणि वॉशबेसिनवर पेटवा. कॉटन कागदासारखं जळतं, वासही कागदाचाच, आणि मागे राखाडी मऊ राख उरते जी बोटाने चुरली जाते. पॉलिएस्टर वितळतं, आकसतं आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळून बघा, कारण कधी कधी एका दिशेला कॉटन आणि दुसऱ्या दिशेला पॉलिएस्टर घातलेलं असतं. पाण्याचा थेंब टाकून बघतात तेही बरोबर, पण आधी कापड धुवून घ्या, खळ असली की अस्सल कॉटनवरही थेंब तसाच उभा राहतो.

किती कापड आणायचं?

४४ इंच पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, असेल तर मोठ्या माणसाच्या एका पायजम्याला अडीच मीटर. हिशोब असा, तयार लांबी ३८ इंच, त्यात नेफा (नाडी किंवा इलॅस्टिक घालायची कमरेची दुमड) दीड इंच, खालची दुमड सव्वा इंच, मागची बाजू वर उचलायला दीड इंच, म्हणजे एका पायाला सव्वाबेचाळीस इंच, दोन पायांना साडेचौऱ्याऐंशी, आणि आटण्यासाठी चार-पाच इंच जास्त. उंच माणसाला पावणेतीन मीटर. वरचा सैल अर्ध्या बाह्यांचा सदरा हवा असेल तर आणखी दोन मीटर, आणि दोन्ही एकाच कापडाचे करणार असाल तर एकदमच घ्या, नंतर गेलात तर त्याच रंगाचा तागा मिळेलच असं नाही.

कापायच्या आधी धुवायलाच हवं का? कापड कोरं असताना कापायला सोपं जातं

सोपं जातं हे खरंय, तरी धुवा. कॉटन पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे ४० इंचाला सव्वा ते दोन इंच, आणि आसनाच्या खोलीतही अर्धा इंच जातो जो लांबीपेक्षा जास्त महागात पडतो. पुढे ज्या पाण्यात धुणार, गरम तर गरम, त्याच पाण्यात धुवा, वाळवा, थोडं दमट असताना इस्त्री करा. गडद रंग असेल तर एकटंच भिजवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत धुवा. मिठाच्या पाण्यात घातलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात पण त्यावर विसंबू नका, जास्तीचा रंग धुवून काढणं हाच उपाय.

धुतल्यावर मलमल बुळबुळीत होतं आणि कात्रीखाली पळतं, तेव्हा कापायच्या आधी हलकी कांजी फवारून इस्त्री करा, कापड कागदासारखं उभं राहतं, शिवून झालं की धुवून टाका.

पायजमा दोन-तीन धुण्यांनंतर पिळल्यासारखा होतो, बाजूची शिलाई फिरून पुढे येते. का?

उभा धागा सरळ धरून कापला गेला नाही म्हणून. काठाला समांतर जातो तो उभा धागा, आणि पायाची मधली रेघ बरोबर त्याच्यावर यायला हवी. कापडाचं टोक दुकानात कात्रीने वाकडंतिकडं कापलेलं असतं, त्याच्यावर विश्वास ठेवून घडी घातली की सगळंच तिरकं जातं.

म्हणून पहिलं काम टोक सरळ करायचं. काठाजवळ छोटा काप द्या, आडवा एक धागा नखाने उचला आणि हळूहळू ओढत न्या, कापड त्या धाग्यावर चुण्या घेत गोळा होतं, चुण्या पुढे सरकवत राहा, धागा सुटत जातो आणि कापडात या काठापासून त्या काठापर्यंत एक बारीक मोकळी रेघ दिसायला लागते, त्या रेघेवरून कापा. मध्ये धागा तुटला तर तिथपर्यंत कापून तिथून पुढचा धागा उचलायचा. दहा मिनिटं लागतात. मग कापड टेबलावर घालून बघा, कोपरे काटकोनात येत नसतील तर दोघांनी दोन तिरकी टोकं धरून ओढायचं, थोडं ओलं असताना ते पटकन जागेवर येतं.

मापं कोणती आणि कशी घ्यायची?

मापं चारच, पण घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा की कपडा झोपायचा आहे.

सीटचा घेर, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त भरतं तिथे टेप गोल फिरवून. कमर. लांबी, कमरेपासून घोट्यापर्यंत. आणि आसनाची खोली, जी बहुतेक लोक चुकवतात. सपाट खुर्चीवर ताठ बसा आणि कमरेपासून खुर्चीच्या पृष्ठभागापर्यंत बाजूने माप घ्या, साधारण साडेदहा-अकरा इंच येतं. पॅन्टला यात अर्धा-पाऊण इंच मिळवतात, रात्रीच्या पायजम्याला मी दीड इंच मिळवते.

आता गादीवर आडवे व्हा, कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्या आणि कोणाला तरी टेप मागच्या कमरेपासून पायांच्या मधून पुढच्या कमरेपर्यंत धरायला सांगा. हेच माप उभं राहून घेतलेल्या मापापेक्षा तीन-चार इंचांनी जास्त भरतं, आणि वाढतं ते जवळजवळ सगळं मागच्या बाजूला. पायजम्याची मागची बाजू वर उचलून कापायची ती यासाठीच, नाहीतर वळलं की कमर खाली ओढली जाते आणि पाठ उघडी पडते.

घेरात सैलपणा किती, तर सीटपेक्षा किमान ६ इंच जास्त. सैल ठेवल्याने कापड आणि अंग यांच्यात हवा खेळते, नुसतं पातळ कापड घेऊन अंगाबरोबर शिवलं तर निम्मा उपयोग जातो.

पेपर पॅटर्न नाही, जुन्या पायजम्यावरून कापता येईल?

येईल, आवडता पायजमा असेल तर तीच सोपी वाट. तो उलटा करा, एक पाय दुसऱ्यात घाला म्हणजे आसनाचा बाक पूर्ण दिसतो, वर्तमानपत्रावर ठेवून इलॅस्टिक पूर्ण ताणून टाचण्या लावा आणि कडेने आखा. पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी आखा, त्या सारख्या नसतात. आखलेल्या रेषेच्या बाहेर शिलाईसाठी ५ सूत सोडा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जुना पायजमा जिथे काचतो तिथे इथेच सुधारून घ्या, मांडीत ओढत असेल तर आतल्या टोकाला अर्धा इंच वाढवा.

आणि स्वतः आखायचं असेल तर?

एक उदाहरण घेते, सीट ४० इंच. त्यात ६ मिळवले, ४६ झाले, एका पायाला २३, त्यातले ११ पुढे आणि १२ मागे. आसनाच्या रेषेवर पुढच्या बाजूला सीटचा सोळावा भाग म्हणजे अडीच इंच बाहेर काढायचे, मागच्या बाजूला आठवा भाग म्हणजे ५ इंच. आसनाची खोली साडेदहा अधिक दीड, १२ इंच. पुढचा बाक जरा खोल, मागचा पसरट आणि वर जाताना आत झुकलेला, आणि मागची कमर दीड इंच वर. मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, गोल २० इंच ठेवा, त्यापेक्षा अरुंद केली तर पोटऱ्यांना गरम होतं, फार रुंद केली तर झोपेत पाय गुडघ्यापर्यंत वर चढतो.

मी पुढची आणि मागची बाजू वेगळी कापत नाही, बाजूची रेघ सरळ ठेवून दोन्ही जोडून एका पायाला एकच तुकडा कापते. ११, १२, अडीच आणि ५ मिळून साडेतीस, शिलाई धरून ३२ इंच होतात, ४४ पन्ह्यात आरामात बसतं आणि बाजूला १२ इंचांची पट्टी उरते जी खिशाला, आतल्या थराला, तिरक्या पट्ट्यांना कामी येते. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बाजूची शिलाईच नाही, कुशीवर झोपणाऱ्याला खाली काही टोचत नाही.

कापायच्या आधी वरचं माप तपासा, इलॅस्टिक घालायच्या आधी कमरेचा पूर्ण घेर सीटपेक्षा निदान दोन इंच जास्त हवा, नाहीतर पायजमा चढणारच नाही.

दोन पाय एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात हे विसरू नका. कापडाचे दोन समान तुकडे करून सुलट बाजू समोरासमोर ठेवून एकदमच कापा. मी पहिल्या वेळी एकेक पाय वेगळा आखला आणि दोन्ही पाय डावेच निघाले, अडीच मीटर कापड गेलं. प्रिंटला वर-खाली दिशा असेल तर नुसती आडवी घडी घालू नका, एका पायावर फुलं उलटी येतात, दोन तुकडे वेगळे करून दोन्हीचा वरचा भाग एकाच बाजूला ठेवा.

मशीन पातळ कापड खाली ओढून घेतं, दोरा गुंतून गोळा होतो. काय करू?

पहिल्यांदा सुई बदला. पॅन्ट शिवायची १६ नंबरची सुई मलमलला भोकं पाडते आणि कापड खाली ढकलते. मलमलला ९ नंबर, कॅम्ब्रिकला ११ नंबर, आणि सुई नवी हवी, टोक जरासं जरी बोथट असलं तरी धागे खेचले जातात आणि शिलाईच्या आजूबाजूला आडव्या रेघा उमटतात. दोरा बारीक घ्या, टाका २ ते अडीच मिलीमीटर.

सुरुवात करताना वरचा आणि बॉबिनचा दोन्ही दोरे मागे धरून ठेवा, पहिले चार टाके चाक हाताने फिरवून घाला. तरीही गिळत असेल तर कापडाखाली वर्तमानपत्राची किंवा पातळ कागदाची पट्टी ठेवा, कागदासकट टीप मारा, नंतर कागद टराटरा फाडून काढा. हा उपाय कधीच फसत नाही. आणि कापड मागून ओढू नका, शिलाई आकसते.

आतल्या शिलाया टोचतात, ओव्हरलॉक मशीन नाही, मग?

ओव्हरलॉक नसलेलं बरंच म्हणायचं, कारण पातळ कापडाला फ्रेंच शिलाई शोभते, टिकते आणि आत एकही सुटा धागा राहत नाही. यात शिलाई दोनदा मारतात. पहिल्यांदा उलट बाजू एकमेकांना लावून, म्हणजे नेहमीच्या विरुद्ध, २ सुतांवर टीप मारायची. मग बाहेर राहिलेली कड कात्रीने १ सुतापर्यंत छाटायची, कापड पलटी करून इस्त्रीने घडी दाबायची आणि आता सुलट बाजू आत घेऊन ३ सुतांवर दुसरी टीप. छाटलेली कड आत बंद होते. दोन आणि तीन मिळून पाच, म्हणून मार्जिन ५ सूत. छाटायचा कंटाळा केला तर दुसऱ्या टिपेतून दाढीच्या खुंटासारखे धागे बाहेर डोकावतात आणि तेच टोचतात.

शिवायचा क्रम काय?

आधी प्रत्येक पायाची आतली शिलाई फ्रेंच पद्धतीने, म्हणजे दोन नळ्या तयार होतात. मग एक पाय सुलटा, एक उलटा ठेवून सुलटा पाय उलट्याच्या आत घालायचा, पायांच्या आतल्या दोन शिलाया एकमेकींवर आणून टाचणी लावायची आणि पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत आसन एकाच सलग टिपेत शिवायचं. आसनाला मी फ्रेंच शिलाई करत नाही, चार शिलाया एकत्र येतात तिथे गाठीसारखी जाड होते आणि ती नेमकी वाईट जागी येते. साधी टीप, तिच्या शेजारी एका सुतावर दुसरी टीप, मग कड छाटून झिगझॅग किंवा मलमलची तिरकी पट्टी. त्यानंतर नेफा आणि शेवटी खालची दुमड, तीही घालून बघितल्यावरच.

आसनात सारखं उसवतं, कधी कापडच फाटतं

उसवणं आणि फाटणं या वेगळ्या तक्रारी आहेत. दोरा तुटून उसवत असेल तर बाक ताणला जातोय आणि टाका ताणत नाही, कारण बाकाचा भाग तिरक्या धाग्यावर असतो, कापड लवचिक आणि शिलाई ताठ. टाका २ मिलीमीटरवर आणा, बाकावर कापड अगदी किंचित ताणून धरत शिवा, दुसरी टीप चुकवू नका.

कापडच शिलाईच्या शेजारी विरून फाटत असेल तर शिलाईचा दोष नाही, माप कमी पडतंय. मागच्या बाजूचा आठवा भाग पूर्ण काढला का ते बघा. माझा एक कॅम्ब्रिकचा पायजमा असा महिन्याभरात गेला, उभं राहून अगदी छान बसत होता, पण खाली वाकलं की मागची शिलाई ताठ दोरीसारखी जाणवायची, तेव्हाच समजायला हवं होतं. आसनात चौकोनी तिरका तुकडा घातला की असा पायजमा वाचवता येतो, चार इंचांचा चौकोन पुरतो, चारी कोपऱ्यांवर टीप दोनदा मारा.

नाडी की इलॅस्टिक?

उष्ण रात्रींसाठी माझं मत नाडीला, आणि तीही त्याच कापडाची मऊ. इलॅस्टिकखाली घाम साठतो, घामोळं आधी कमरेलाच येतं, बघा कधी. पण पाठीवर झोपणाऱ्याला नाडीची गाठ चालते, पालथं झोपणाऱ्याला टोचते, तेव्हा मधला मार्ग म्हणजे मागच्या अर्ध्या भागात इलॅस्टिक आणि त्याच्या दोन्ही टोकांना जोडलेली नाडी पुढून बाहेर.

पूर्ण इलॅस्टिकच हवं असेल तर एक इंच रुंद, मऊ घ्या, अरुंद इलॅस्टिक जास्त काचतं. लांबी कमरेपेक्षा दोन इंच कमी हे सुरुवातीचं माप, पण पक्कं करण्याआधी सेफ्टी पिन लावून घाला, जमिनीवर बसा, आडवे व्हा, पाच मिनिटांनी काढून बघा, वळ उठला असेल तर सैल करा. नेफा तयार सव्वा इंच ठेवा म्हणजे इलॅस्टिक सरकतं. टोकं एकावर एक अर्धा-एक इंच ठेवून चौकोनात टीप मारा. आत पिळ पडू नये म्हणून मागच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंना उभी टीप द्या. इलॅस्टिक कापडावर थेट शिवू नका, ते कापडाच्या आधी मरतं आणि मग बदलायला सगळं उसवावं लागतं.

खिसा लावू का?

एकच, पुढच्या बाजूला मांडीवर, वरून लावलेला. बाजूच्या शिलाईतला पिशवीसारखा खिसा म्हणजे मांडीवर कापडाचे आणखी दोन थर.

वरचा सदरा कसा असावा?

कॉलर नको, मानेखाली घाम धरते. गोल किंवा उथळ व्ही गळा, कडेला तिरकी पट्टी आत दुमडून. छातीच्या घेरात ८ इंच सैल ठेवा, बाही खांद्यातूनच सरळ निघणारी कापा म्हणजे बगलेत शिलाईचा गोल येत नाही, आणि बगलेपासून खाली एक इंच जास्तच खोल ठेवा. बाजूला ५-६ इंचांच्या चिरा दिल्या की वळताना सदरा अंगाखाली अडकून गळा आवळत नाही. बटणं असतील तर चपटी, आणि नसतील तर आणखी बरं, पालथं झोपणाऱ्याला विचारा.

मशीन नाही, हाताने शिवता येईल?

हो, आणि मलमल तर हाताने शिवलेलं जास्त मऊ राहतं. लांब शिलायांना धावदोरा, दर पाच-सहा टाक्यांनी एक उलटा टाका, इंचाला आठ-दहा टाके. आसनाला पूर्ण बखिया, म्हणजे प्रत्येक टाका उलटा, तिथे धावदोरा टिकत नाही. फ्रेंच शिलाई हातानेही तशीच होते. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, गुंततो. रोज तासभर बसलात तर आठवड्याभरात एक पायजमा होतो. मशीनवर पहिला पायजमा एक अख्खा दिवस घेतो, पुढचे तीन तासांत होतात.

लहान मुलांसाठी काही वेगळं?

लांबीत दोन इंच जास्त ठेवून आतून दुमड घाला आणि धावदोऱ्याने पकडा, मूल वाढलं की सोडायची. नाडी लावू नका, मऊ इलॅस्टिक, आणि गळ्यापाशी कुठलीही दोरी तर अजिबात नको. सैल पातळ कॉटन पटकन पेट घेतं, तेव्हा हे कपडे घालून मूल दिव्याजवळ, गॅसजवळ जाणार नाही हे बघा. मोठ्यांनीही बघा.

धुणं आणि टिकणं?

तीन पायजमे असावेत, एक अंगावर, एक वाळत, एक घडी. मशीनमध्ये जीन्सबरोबर टाकू नका, चेन आणि बटणं मलमल फाडतात, जाळीच्या पिशवीत घाला. सावलीत वाळवा. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, तो धाग्यावर थर देतो आणि कापड घाम कमी शोषतं. इलॅस्टिकवर गरम इस्त्री फिरवू नका. कॅम्ब्रिकचा पायजमा असा सांभाळला तर माझ्याकडे तीन उन्हाळे सहज जातो, मलमलचा दोन.

शिवून झालाय पण आसन खाली लोंबतं किंवा वर ओढतं, आता?

लोंबत असेल तर सोपं, नेफा उसवा, वरून जेवढं जास्त आहे तेवढं पुढे-मागे दोन्हीकडे सारखं कापा आणि नेफा परत घाला, आधी अर्धा इंचच कापा. वर ओढत असेल तर कुठे ओढतंय ते आडवं होऊन बघा. मागून ओढत असेल तर मागच्या कमरेला उरलेल्या पट्टीतला दोन इंचांचा जोड लावून नेफा वर न्या. पुढून मांडीच्या खोबणीत ओढत असेल तर पुढचा बाक उथळ राहिलाय, आतून एक सूत खाली नवीन टीप मारा, मग जुनी कड छाटा, घालून बघा, गरज वाटली तर आणखी एक सूत. एकदम अर्धा इंच खाली जाऊ नका. आणि जे माप शेवटी जमलं ते लगेच वर्तमानपत्राच्या पॅटर्नवर लाल पेनाने लिहून ठेवा, पुढचा पायजमा थेट त्यावरूनच कापायचा.